दोरेबाईची उलटी घडी

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे झाडू, रंगाचे रिकामे डबे आणि कुणाचा तरी मोडका पाळणा पडलेला असायचा. दाराशी वाकावं लागतं, आणि आत गेल्यावर एकाच भिंतीपाशी माणूस ताठ उभा राहू शकतो. दोरेबाई तिथे राहायला आली तेव्हा मला वाटलं, ती आपलं शिवणाचं मशीन त्याच भिंतीशी लावेल. तिने लावलं नाही.

"मशीनवर बसायचंच असतं ना, ताई," ती म्हणाली. "उंच जागा गिऱ्हाइकाला. माप देताना माणूस वाकला, की कोट आखूड होतो आणि शिव्या मला बसतात."

तिचं खरं नाव इमारतीत कुणालाच धड उच्चारता यायचं नाही. अंगावर कायम चार रंगांचे दोरे चिकटलेले, म्हणून पंपवाल्या काकांनी तिला दोरेबाई म्हणायला सुरुवात केली आणि तेच रुळलं. पंपवाले काका म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. पाण्याच्या पंपाची किल्ली त्यांच्याकडे असते, त्यामुळे इमारतीत देवाच्या खालोखाल त्यांचाच मान. खोलीची सोयही त्यांनीच केली होती. दोरेबाईने त्यांच्या पॅन्टची कंबर दोनदा वाढवून दिली आणि घरी सांगितलं नाही, एवढ्यावर काका तिचे झाले.

ती डोंगराच्या पलीकडची. तिकडून आलेल्या सगळ्यांना या शहरात सरसकट 'पलीकडचे' म्हणतात. नळ फुटला तर तो पलीकडच्यांनी फोडलेला असतो, आणि दुरुस्त करायला येतो तोही पलीकडचाच असतो. दोरेबाईला तिच्या नवऱ्याने इथे आणलं आणि वर्षभरात दुसरीकडे संसार मांडला. त्याबद्दल तिचं एकच म्हणणं होतं, "माप चुकलं." मग ती तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे तिच्याकडे फक्त कॉलर. एक जण बाही लावणार, एक जण खिसा, ही कॉलर. "इतकी वर्षं शर्ट शिवले," ती म्हणायची, "पण पुरा शर्ट कसा दिसतो ते रस्त्यावर लोकांच्या अंगावर बघायचे." कारखाना बंद पडला आणि ती आमच्या जिन्याखाली आली.

सकाळचा जप, स्वयंपाक आणि ह्यांचा डबा झाला, की दुपारचं घर मला खायला उठायचं. मी खाली जाऊन तिच्यासाठी बटणं लावत बसायचे. इथल्या भाषेतलं तिचं बोलणं चांगलं होतं, फक्त वाक्याच्या शेवटी सूर वर जायचा, त्यामुळे ती सांगतेय की विचारतेय ते कळायचं नाही. देवाबद्दलही ती तशीच बोलायची. "देव आहे?" असं म्हणायची, आणि ती सांगत असायची.

तिची एक सवय मात्र गिऱ्हाइकांना खटकायची. शिवलेला कपडा ती उलटा करून घडी घालायची. अस्तर बाहेर, कापडाची चांगली बाजू आत. पंपवाले काका एकदा पॅन्ट परत घेऊन आले.

"अगं, नवी पॅन्ट अशी उलटी कोंबून देतेस? मला वाटलं शिवायची राहिली."

"आमच्याकडे अशीच घडी घालतात, काका. चुलीचा धूर असतो, ओल असते. चांगली बाजू आत ठेवली की चांगली राहते."

"तुमच्याकडे असेल. इथे चांगली बाजू लोकांना दाखवायची असते. आत ठेवून उपयोग काय?"

"खरंय," ती म्हणाली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे कपडे ती सुलट घडी घालून देऊ लागली. स्वतःचे दोन झगे तेवढे फळीवर उलटेच असायचे.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचे.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मास्तरीणबाई म्हणजे आमच्या इमारतीची अब्रूच म्हणायची. मुलींच्या शाळेत त्यांनी भाषा शिकवली. बोलणं स्वच्छ, पायऱ्या मोजून चढल्यासारखं. रस्त्यावरची पाटी चुकली असेल तर दुकानदाराला बोलावून दाखवणार. यजमान गेले, पण मुलगा कर्तबगार निघाला आणि इमारतीचा सेक्रेटरी झाला. अशा बाईंचे कपडे उलट्या घडीने का जातात, असं मला वाटायचं. विचारलं नाही. मशीन चालू असताना तसंही अर्धं ऐकू येत नाही.

एका दुपारी बटणांचा डबा विसरला म्हणून मी परत खाली गेले. मशीन बंद होतं. आतून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि बोलणं मला न कळणारं. एक आवाज दोरेबाईचा. दुसरा कुणाचा ते समजेना, कारण तो बेफिकीर होता, ओढ्यावर धुणं धुताना बायका हसतात तसा. मी वाकून दारातून बघितलं तर स्टुलावर मास्तरीणबाई. चप्पल काढून पाय वर घेऊन बसलेल्या.

मला बघून त्यांनी आधी पाय खाली घेतले.

"ताई," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हे जिन्याखालचं जिन्याखालीच राहू दे. ह्यांना माहीत होतं. मुलाला नाही. आता सांगून काय मिळवायचं?"

मी हो म्हटलं. शब्द दिला.

पुढे दोरेबाईनेच हळूहळू सांगितलं. मास्तरीणबाई पहिल्यांदा राखाडी कोट घेऊन आल्या तेव्हा तो उलटा घडी केलेला होता. चाळीस वर्षं इथल्या शुद्ध भाषेत बोलणाऱ्या बाईंना आपल्या हातांचं भान राहिलं नव्हतं. दोरेबाईने कोट हातात घेतला आणि सहज आपल्या भाषेत विचारलं, "ओढ्याच्या वरच्या अंगाची, की खालच्या?" आणि बाईंच्या तोंडून विचार करायच्या आधी निघून गेलं, "वरच्या." मग त्या स्टुलावर बसल्या आणि पाणी मागितलं. लहानपणीच अनाथ म्हणून त्या इथल्या वसतिगृहात आल्या होत्या. तिथे आपलं बोलणं जिभेवरून खरवडून काढलं. लग्न झालं तेही इथलीच म्हणून.

"तेव्हापासून तिचं सगळं उलट्या घडीने पाठवते," दोरेबाई म्हणाली. "वरती कपाट उघडलं की तिला तेवढंच बरं वाटतं. चिठ्ठी नको, चपाटी नको."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. माहेरचं माणूस परगावी भेटणं ही देवाचीच कृपा, असं मी त्या संध्याकाळी दिव्यापुढे म्हटल्याचं आठवतं.

मग शहरात वारं फिरलं. पलीकडच्यांनी कामं बळकावली, पलीकडच्यांमुळे भाडी वाढली, असं भोंग्यावरून ओरडत गाड्या फिरू लागल्या. आमचे सेक्रेटरी काही दुष्ट नाहीत. पण 'आपण सावध राहायला हवं' हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि सावध माणसाला नियम फार लवकर सुचतात. त्यांनी नियम काढला: इमारतीत भाड्याने राहणाऱ्या बाहेरच्या माणसाचं मूळ घर, गोत, नातेवाईक आपण जाणतो, असं कुणा जुन्या रहिवाशाने सभेत उभं राहून सांगायचं. सांगणारा मिळाला नाही तर खोली रिकामी करायची. आमच्या इमारतीत भाड्याने राहणारी बाहेरची माणसं होती एक, आणि ती जिन्याखाली होती.

त्याच सुमारास कारखान्यातल्या एका जुन्या मैत्रिणीने दोरेबाईला बोलावणं धाडलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला पडद्यांचं काम, वर माळ्यावर राहायला जागा. मी म्हटलं, जाऊन बघून तरी ये.

"कशाला?" ती म्हणाली. "माझं माणूस आहे ना इथे."

तिने मास्तरीणबाईंना माझ्यासमोरच विचारलं. आडपडदा ठेवला नाही. बाई जरा वेळ हातातली टाचणी उशीत टोचत आणि काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळं सांगायची गरज नाही. मी एवढंच म्हणेन की हिच्या गावची माणसं माझ्या माहितीतली आहेत, चांगली आहेत. मी म्हटलं म्हणजे पुरे. माझा मुलगा माझ्या शब्दापुढे जात नाही."

"बघा हं, बाई. मी तिकडची जागा सोडतेय."

"सोड. मी आहे."

मग आपल्या भाषेतही त्या काहीतरी बोलल्या आणि दोरेबाईच्या गालावरून हात फिरवला. बाई वर गेल्यावर दोरेबाईने मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं. शिवाय खोलीला चुना दिला. हात पुरत नव्हता म्हणून स्टुलावर चढली, आणि चढल्यावर डोकं जिन्याला आपटलं. "बघ ताई," कपाळ चोळत म्हणाली, "खोलीपण म्हणते, एवढी उंच होऊ नको."

सभा रविवारी सकाळी, खाली गाड्या लावायच्या जागेत. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. सेक्रेटरींनी आधी पाण्याच्या टाकीचा विषय घेतला, त्यात पंपवाले काका चिडले, मग त्यांना शांत करण्यात वेळ गेला. दोरेबाई मागे उभी होती. धुतलेला झगा, आणि त्या दिवशी अंगावर एकही दोरा नव्हता. मी तिला जवळ बसायला बोलावलं तर म्हणाली, "उभी बरी. ताठ."

नियम वाचून झाला. मी हात वर केला. "मी देते हिची ओळख."

सेक्रेटरी हसून म्हणाले, "काकू, तुम्ही हिला जिन्याखालून ओळखता. जिन्याच्या आधी ही कोण होती?"

"बाईमाणूस होती, आणखी कोण असणार," पंपवाले काका म्हणाले. लोक हसले. काकांनाही वाटलं की आपण मदत केली.

"काका, तुम्ही देता ओळख? हिच्या गावची?"

"गावची कशी देणार? मला हिची शिलाई माहीत आहे."

"मग शिलाईला राहू द्या, बाईला जाऊ दे," कुणीतरी मागून म्हटलं. पुन्हा हशा.

तेव्हा दोरेबाई पुढे आली. तिला घाई नव्हती. खिशात पैसे आहेत हे माहीत असलेला माणूस दुकानात शिरतो, तशी आली.

"माझी ओळख मास्तरीणबाईंना आहे," ती म्हणाली.

सगळे वळले. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत, सुनेच्या शेजारी. सेक्रेटरींच्या कपाळावर आठी आली. रागाची नव्हती, नवलाची होती.

"आई? तू ओळखतेस हिची माणसं?"

बाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, परत घातला. मुलाकडे बघितलं. मुलगा त्यांच्याकडे बघत होता, लहानपणी धड्याचं उत्तर विचारत असेल तसा. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले.

"कपडे देते मी हिच्याकडे शिवायला," बाई म्हणाल्या. "तेवढीच ओळख."

"पण ही म्हणतेय—"

"गरजवंताला अक्कल नसते, बाळ. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं असेल." आणि मग, कुणी विचारलं नसताना, अगदी स्वच्छ उच्चारात त्या पुढे म्हणाल्या, "मला तर हिची भाषासुद्धा कळत नाही."

मी उठले. उठले ते काय बोलायला, हे मला ठाऊक होतं. शब्द दिलेला असतो तो माणसाला, खोटेपणाला नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण दोरेबाईचा हात माझ्या मनगटावर पडला. कपडा मशीनखाली धरतात तसा, हलका आणि न सुटणारा.

मग ती मास्तरीणबाईंकडे वळून तिच्या भाषेत एक-दोन वाक्यं बोलली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. रोज कुणाशीही बोलावं तसं.

बाईंची मान हलली नाही. त्या सेक्रेटरींच्या हातातल्या कागदाकडे बघत होत्या.

"काय म्हणाली ती?" सुनेने विचारलं.

"काही नाही," दोरेबाई म्हणाली. "कामाचं."

खोली रिकामी करून घ्यायची म्हणून हात वर झाले. पंपवाल्या काकांनी हात अर्धा वर नेऊन डोकं खाजवलं. माझा आणि ह्यांचा सोडला तर विरुद्ध कुणाचाच नव्हता. मास्तरीणबाई म्हणाल्या, "माणूस म्हणून वाईट नाही हो ती. पण नियम म्हणजे नियम." हे बोलल्या नसत्या तर चाललं असतं.

खोलीत आल्यावर माझाच तोल गेला. मी म्हटलं, "केसाने गळा कापला तिने तुझा. आणि तू मला बोलू दिलं नाहीस. एका शब्दात तिचा बुरखा फाटला असता."

"फाटला असता," ती म्हणाली. ती फळीवरून दोऱ्यांची रिळं काढून रंगांप्रमाणे पिशवीत भरत होती. "मग? मला खोली मिळाली असती? दोघी गेलो असतो. ती वरून, मी खालून."

"तरी."

"तिचा पोरगा तिथे होता, ताई. भर माणसांत पोरापुढे आईला उसवायचं नसतं."

"तिने तुला उसवलं ना."

तिने काळं रीळ पांढऱ्यांत टाकलं, परत काढलं. मग चुना दिलेल्या भिंतीवर हात टेकून म्हणाली, "तिकडची जागा सोड म्हणाली होती. मी तर विचारलं होतं तिला. दोनदा विचारलं होतं." आणि पहिल्यांदाच तिच्या वाक्याचा सूर शेवटी खाली गेला.

पडद्यांच्या कामावर मैत्रिणीने दुसरी बाई घेतली होती. माळाही गेला. कारखान्यात तिच्या शेजारी बाह्या लावणारी एक जण होती, तिच्या खोलीत ती तात्पुरती जाणार होती. तिथे आधीच पाच जणी.

"तू सभेत काय म्हणालीस तिला?" मी विचारलं.

"म्हटलं, तुझा राखाडी कोट झालाय. अस्तर नवं लावलं. उद्या दुपारी घेऊन जा, संध्याकाळी मी निघणार."

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, ती कशी येईल?"

"नाही आली तर खरंच भाषा विसरली म्हणायची," दोरेबाई म्हणाली. "मग माझा राग नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या गाठोड्यांना शिवण घालत बसले होते. आदल्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं, की तिकडचं कुणी खाली आलं नव्हतं. मशीनचं डोकं काढून चादरीत बांधलेलं. फळ्या रिकाम्या, फक्त एका फळीवर कोट, अस्तर बाहेर करून नीट घडी घातलेला. सभेच्या आधीच तो तसा ठेवलेला होता. मी मनातून प्रार्थना करत होते की बाईंनी येऊ नये. दोरेबाईला राग नसावा म्हणून, एवढ्यासाठीच.

जिन्यावर चपला वाजल्या. पायऱ्या मोजत उतरणाऱ्या.

मास्तरीणबाई दारात वाकल्या, आत आल्या, त्या एका भिंतीपाशी उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"कोट," त्या इथल्या भाषेत म्हणाल्या.

दोरेबाईने मान हलवली. कोट फळीवरून काढला. त्याची घडी मोडली, झटकला, बाह्या एकेक करून बाहेर ओढल्या आणि कोट सुलट केला. राखाडी कापड उजेडात आलं. तिने वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, कॉलर बसवली. कॉलर तिची फार सुरेख बसायची. मग चांगली बाजू बाहेर ठेवून, इथले दुकानदार घालतात तशी चौकोनी घडी घातली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

बाईंनी हात पुढे केले नाहीत. त्या घडीकडे बघत राहिल्या. मग त्या आपल्या भाषेत बोलायला लागल्या, हळू, भराभर, पाय वर घेऊन बसलेल्या त्या दुपारच्या आवाजात. बरंच बोलल्या. शब्द मला कळले नाहीत, पण तसं बोलणं कुठल्याही भाषेत कळतं.

दोरेबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हात तसेच पुढे.

"कळलं नाही, बाई," ती म्हणाली. "इथल्या भाषेत सांगा."

बाईंनी कोट घेतला. जाताना दाराशी वाकायला विसरल्या, डोक्याला लागलं. वर कुठल्या तरी जिन्यावर सेक्रेटरींचा आवाज आला, "आई, खाली कशाला गेली होतीस? कोट झाला हे कुणी सांगितलं तुला?" बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

संध्याकाळी हातगाडी आली. पंपवाल्या काकांनी मशीनचं एक टोक धरलं. तोंडाने सारखे म्हणत होते, "आम्ही काय करणार, नियम झाला." दोरेबाईने त्यांना त्यांच्या पॅन्टचं उरलेलं कापड दिलं. "ठेवा, काका. पुन्हा लागेल." ते हसले नाहीत.

मला तिने अंगुस्तान दिलं, बोटाचं ते पितळी टोपण. मी तिला देवाचा छोटा फोटो द्यायला नेला होता. तिने तो घेतला, कपाळाला लावला आणि आपल्या झग्याच्या घडीत आत ठेवला.

जिन्याखाली आता पुन्हा रंगाचे डबे आहेत. मास्तरीणबाई भेटल्या की मी बाजूला होते, त्याही होतात. सकाळच्या जपानंतर मी सगळ्यांसाठी मागते, इमारतीतल्या एकेकासाठी. तिसऱ्या मजल्यापाशी आलं की अजून थांबायला होतं. मग पुढे जाते.